बाबांच्या पायातला स्क्रू

नेरुळ, नवी मुंबई
गुरुवार, रात्री

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

मंगळवारी फोनवर जे बोलले ते आधी परत घेते. "स्क्रू तुटलाय, आता काढायलाच हवा, तुम्ही नुसती चालढकल करताय" असं मी बाबांना म्हणाले आणि आईने फोन ठेवला. घाबरून बोलले, पण बाबांशी त्या आवाजात बोलायला नको होतं. पत्र अशासाठी लिहितेय की बाबा कागदावरचं दोनदा वाचतात, पेन्सिलीने खुणा करतात आणि मग उत्तर देतात. फोनवर मी त्यांना तेवढी सवडच देत नाही.

काल एक्स-रे घेऊन, जुलैत बाबांच्या पायाचं ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे एकटीच जाऊन आले. त्या फोटोत दुसऱ्या बोटाच्या मागच्या हाडात जाणाऱ्या स्क्रूवर एक बारीक काळी रेघ आहे, आणि रेघेच्या अलीकडचा नि पलीकडचा तुकडा अगदी किंचित वाकडे झालेत. मला वाटलं होतं, हाडच पुन्हा मोडलं. तसं नाही. पायाच्या मधल्या भागातले हे सांधे फार हलत नाहीत, पण पाऊल टाकलं की किंचित हलतातच. स्क्रू नेमका त्या सांध्यातून आरपार गेलेला. तार मागेपुढे वाकवत राहिलं की एका जागी तुटते ना, तसंच हे. बाबा गेले पाच महिने रोज चालतायत. दुरुस्त झालेलं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, आता स्वतःच भार घेतंय, हाडांमधली फटही वाढलेली नाही. उभं राहून काढलेल्या फोटोत डॉक्टरांनी ती दोन्ही पायांत मोजून दाखवली.

बाबा, तुम्ही इतिहास शिकवलात म्हणून सांगते. ज्या फ्रेंच सर्जनचं नाव या सांध्याला आहे तो झाक लिसफ्रांक, मृत्यू 1847. नेपोलियनच्या काळातला. त्याचं नाव या जागी लागलं ते जोडण्यामुळे नाही, पाय याच रेषेतून कापण्याच्या पद्धतीमुळे. तेव्हा हाच उपाय होता. जुलैत तुमच्या पायात तीन स्क्रू आणि दोन तारा घातल्या तेव्हा मला हे माहीत असतं तर बाहेर बाकावर बसून मी इतकी रडले नसते.

ते पहिले चार दिवस अजून माझ्या मनातून जात नाहीत. रिक्षातून उतरताना पेव्हर ब्लॉकच्या खाचेत पाऊल अडकलं, पाय मुरगळला असं सगळेच म्हणाले, झोपवून काढलेल्या एक्स-रेतही काही दिसलं नाही. आईने हळद-तुरटीचा लेप लावला, मी क्रेप बँडेज बांधलं. चौथ्या दिवशी मी बँडेज सोडलं तर तळपायाच्या मधोमध जांभळा डाग. वर नाही, तळव्याला. तो डाग दिसला की साधं मुरगळणं समजू नये, हे त्यानंतर कळलं. ही दुखापत पहिल्या तपासणीत पुष्कळदा निसटते म्हणतात. तरी वाटतं, लेपाच्या वेळीच तळवा पाहिला असता तर. आई, तुझं काहीच चुकलं नाही. तू गेल्या आठवड्यात पुन्हा तो विषय काढलास म्हणून लिहिते.

आता काढायचं की ठेवायचं. डॉक्टरांमध्येच यावर दोन मतं आहेत. काही सर्जन चार-सहा महिन्यांनी, स्क्रू तुटायच्या आधीच सरसकट काढतात, म्हणजे सांधा मोकळा होतो. काही म्हणतात, त्रास नसेल तर हात लावू नका. तिशीतला, पळणारा माणूस असता तर मी बहुधा पहिलं ऐकलं असतं. पण बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, शुगर पंधरा वर्षांची, मागची जखम भरायला तीन आठवडे लागले. पुन्हा भूल, पुन्हा त्याच जागी चीर. पावलाच्या वरून जाणारी संवेदनेची नस तिथेच असते. आणि स्क्रूचं डोकं निघालं तरी टोकाचा तुकडा हाडात रुतलेला. तो काढायचा तर भोवतालचं चांगलं हाड कोरावं लागेल. मग भोकं भरेपर्यंत काही आठवडे जपून चालायचं. दुखत नसलेल्या पायासाठी हे सगळं कशाला? डॉक्टर म्हणाले, तुकडा तिथेच राहिला तरी चालेल. माझंही मत आता तेच आहे.

आई, तुझं म्हणणं होतं की अंगात लोखंड नको, गंजेल. डिस्चार्ज कार्डावर टायटॅनियम लिहिलंय, ते लोखंडासारखं गंजत नाही. एमआरआय करावा लागलाच तर करता येतो, फक्त आधी सांगायचं. आणि बाबा, अस्थींबरोबर स्क्रू सापडतील असं आईला पुन्हा म्हणू नका. तुम्ही सहज म्हणता, ती रात्रभर जागी राहते. मला तिनेच सांगितलं.

पण "ठेवायचं" म्हणजे विसरायचं नाही. गेल्या रविवारी मी पायावरून बोट फिरवलं तेव्हा व्रणाच्या कडेला एका स्क्रूचं डोकं मुगाच्या दाण्याएवढं लागलं. दाबलं, तुम्ही हूं की चूं केलं नाही. तो दाणा वर आला, चपलेच्या पट्ट्याखाली कातडी लाल झाली, पाणी आलं, किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताना पावलाच्या मध्यात कळ आली, तर त्याच दिवशी मला कळवायचं. पुढे त्या सांध्यात संधिवात झाला तर वेगळं ऑपरेशन, सांधा कायमचा जोडायचं, आणि तेव्हा हे स्क्रू निघतीलच. शुगरमुळे तुमच्या पावलांना कमी जाणवतं, म्हणून दुखण्याची वाट बघू नका. आई, रोज रात्री दिव्याखाली दोन्ही पाय बघशील का? तळवेसुद्धा.

तुम्ही पाडव्याच्या शोभायात्रेचं विचारलं होतंत, ऑपरेशन झालं तर ती चुकेल म्हणून. ऑपरेशन नाही, तेव्हा चला. मात्र ठाण्यात कोपिनेश्वरापासून तलावपाळीपर्यंतच, पुढे मी रिक्षा बघते. आणि तो पातळ तळव्याचा जोडा नको, कडक तळव्याचे बूट घालायचे.

शनिवारी दुपारी येते. एक्स-रेचा लिफाफा माझ्याकडेच आहे, बाबांना ती रेघ खिडकीपाशी धरून दाखवते. जुन्या चपला टाकू नका, मला पट्टे बघायचेत.

तुमची,
धाकटी