जागा घेताना मातीचं कोण बघणार?

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पेपरात मध्यंतरी जागा घेताना काय काय तपासावं यावर पानभर मजकूर आला होता. कागदपत्रं, रस्ता, पाणी, लाईट सगळं होतं त्यात, पण ज्या मातीवर घर उभं राहणार तिच्याबद्दल एक ओळ पण नव्हती, म्हणून हे पत्र. जागा बघायला जाणारे लोक पण तेच करतात, फोटो काढतात, टोकन देऊन मोकळे होतात आणि मातीचं काय ते नंतर इंजिनिअर बघेल म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की सॉईल टेस्ट हे टोकन द्यायच्या आधीचं काम आहे, नंतर रिपोर्ट वाईट आला तर पायावर जास्तीचा खर्च करत बसण्यापलीकडे काही हातात राहत नाही.

काळ्या मातीचंच घ्या. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं, उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळेच. वजनदार बिल्डिंगपेक्षा बैठ्या घराला आणि कंपाउंडच्या भिंतीला हिचा त्रास जास्त, कारण वरून दाबून धरायला पुरेसं वजनच नसतं. घराच्या मधोमध खालची ओल टिकून राहते आणि कडेची माती दर वर्षी भिजते-सुकते, मग दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात आणि लोक दर वर्षी प्लास्टर करत बसतात. भिंतीला लागून मोठं झाड असलं की मुळं पाणी ओढून ती माती अजून सुकवतात. यावर उपाय आहेत, पाया फुगणाऱ्या थराच्या खाली नेता येतो, अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे खालच्या बाजूला फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, टाकता येतात, पण खाली काय आहे ते आधी कळलं पाहिजे ना.

खरं तर काळ्या मातीपेक्षा मला भरावाची जास्त काळजी वाटते. जुनी खाण, बुजवलेला नाला, राडारोडा टाकून सपाट केलेला खड्डा आणि वर मुरमाचा थर, बघायला एकदम छान प्लॉट. अशा ठिकाणी अर्धं घर कातळावर आणि अर्धं भरावावर आलं तर एक बाजू जागेवर राहते, दुसरी खचते, आणि सगळं घर सारखं खचण्यापेक्षा हे कितीतरी वाईट. आजूबाजूला उतार आणि हाच प्लॉट सपाट असेल, थोडं खणल्यावर विटांचे तुकडे, प्लास्टिक निघत असेल, तर तिथल्या जुन्या माणसांना आधी इथं काय होतं ते विचारा.

शेजारच्यांनी टेस्ट केलीय, आपल्याला कशाला, हे तर नेहमीच ऐकायला मिळतं. माती काही मीटरवर पण बदलते. आणि नुसती वरची माती बघून पण भागत नाही, कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथं 1913 साली धान्याचं मोठं कोठार बांधलं, वरच्या थराची भार-चाचणी केली होती ती चांगली आली, पण त्याखाली मऊ चिकणमाती होती, धान्य भरत असतानाच अख्खं कोठार एका दिवसात जवळजवळ 27 अंश कललं. काँक्रीट मजबूत होतं, मातीनं दगा दिला. म्हणून बोअरहोल, म्हणजे जमिनीत खोल भोक, घेतात, त्यात 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून पाडून नमुन्याची नळी 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात, त्याला एन व्हॅल्यू म्हणतात, ठोके कमी म्हणजे माती मऊ. रिपोर्ट हातात आला की ही व्हॅल्यू, भूजल पातळी आणि माती फुगणारी आहे का, हे तरी नक्की विचारा.

बागेची टेस्ट मात्र वेगळी, पायाच्या रिपोर्टवरून झाडांचं काही कळत नाही. तिथं पीएच (माती आम्ल की विम्ल), क्षार, सेंद्रिय कर्ब बघतात. नमुना एकाच जागचा देऊ नका, पाच-सात ठिकाणी 15 ते 20 सेंटीमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती मिसळून अर्धा किलो द्या, खताचा ढीग आणि बांध सोडून. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक खत वाढवतात, पण चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, तिथं नुसतं खत ओतून काय होणार? निचरा तर घरीच बघता येतो, फूटभर खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा, तासाला दोन-अडीच सेंटीमीटर पण उतरत नसेल तर मुळं कुजणार. आणि बांधकाम सुरू व्हायच्या आधी वरची सुपीक माती बाजूला काढून झाकून ठेवा, हे कोणी सांगतच नाही, नंतर सिमेंट-चुना मिसळलेल्या, गाड्यांनी दाबलेल्या मातीत लोक बाग करायला जातात.

तर विनंती अशी की प्रॉपर्टीच्या पानावर प्लॉटच्या जाहिरातीत रस्ता-पाण्यासोबत भराव आहे का, सॉईल रिपोर्ट आहे का आणि असेल तर कोणत्या वर्षीचा, एवढं छापायला जाहिरातदारांना सांगा. आणि सॉईल रिपोर्ट कसा वाचायचा यावर एखाद्या जिओटेक्निकल (माती आणि पाया बघणाऱ्या) इंजिनिअरकडून सोप्या भाषेत लेख लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक