२०० रुपये घेता, मग तपासणी कितपत काम करते तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानाच्या तिकिटाचा हिशोब कधी उघडून बघा, त्यात एएसएफ नावाची एक ओळ असते, एव्हिएशन सिक्युरिटी फी, म्हणजे विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीचे पैसे. एप्रिल २०२१ पासून देशातल्या प्रवासाला माणशी २०० रुपये, परदेशी जाणाऱ्याला १२ डॉलर. त्याआधी १६० होते. तिकीट स्वस्तात मिळालं या खुशीत ती ओळ कोण वाचतो. पण २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटींच्या वर प्रवासी गेले, त्यातले फी माफ असलेले वगळा, लहान लेकरं वगळा, तरी ढोबळ हिशोब तीन हजार कोटींच्या आसपास जातो, वर्षाला. एवढे पैसे मोजून ती तपासणी कितपत चालते, किती वेळा फसते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आत्ताच का लिहितोय, तर आपल्या खान्देशातला माणूस आता विमानात बसायला लागलाय. जळगावचं विमानतळ २०१२ चं, उडान योजनेत पहिलं विमान उडालं २०१७ च्या डिसेंबरात, मग बंद, मग परत चालू, असं करत करत गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशा फेऱ्या लागल्या. केळीचे व्यापारी, सोन्याच्या कामाची माणसं, आणि पोरगा तिकडे आयटीत आहे म्हणून डबे बांधून निघालेले आईबाप, सगळे आता त्या ट्रेच्या रांगेत असतात.

आमच्या सासूबाईंचं ऐका. लेकीसाठी काळा मसाला, घरी कुटलेला, स्टीलच्या डब्यात. पहिल्या विमानतळावर डबा मशीनमधून आरामात गेला, कुणी विचारलं पण नाही. मधे विमान बदलायचं होतं तिथं (नाव लिहित नाही) परत तपासणी झाली आणि डबा बाजूला काढला. सासूबाई त्या जवानाला म्हणतात, "भाऊ, हाऊ घरना मसाला शे", तो बिचारा कुठल्या लांबच्या राज्यातला, त्याला काय कळणार. त्याने झाकण उघडलं, वास घेतला, खोकला, वरच्या साहेबाला विचारलं, आणि डबा गेला पेटीत. आता तिखट कुणाच्या डोळ्यात टाकता येतं हे मला पटतं, नियम असेल तर असू द्या. पण मग पहिल्या ठिकाणी तो का सुटला? एक तर तिथली तपासणी ढिली होती नाहीतर दुसरीकडची जास्तीची होती, दोन्ही एकदम बरोबर कसं असेल. आणि तिथून पुढे दहा पावलांवर दुकानात काचेच्या बाटल्या विकायला मांडलेल्या होत्या. काच फुटली की काय होतं हे सांगायला तज्ज्ञ लागतो का.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा मसाल्यावरून काय. तर मसाल्याचा विषयच नाही, हे नियम येतात कसे तो विषय आहे. प्रत्येक नियम आधीच्या घटनेच्या मागे धावत आलाय. डिसेंबर १९९९ ला आयसी ८१४ विमान पळवून कंदाहारला नेलं, मग २००० साली जयपूरपासून सुरुवात करून विमानतळं सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलाकडे, द्यायला लागले. हे चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. २००१ च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं नेली, तर अमेरिकेत बूट तपासायला लागले, २००६ पासून जवळजवळ सगळ्यांनाच काढायला लावले, ते थेट २०२५ च्या जुलैत थांबवलं. एवढ्या वर्षांत किती मोजे त्या फरशीवर घासले असतील. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला बाटल्यांमधून स्फोटकं नेण्याचा कट पकडला, तो पोलिसांनी माहिती काढून, घरांवर धाडी टाकून पकडला, विमानतळाच्या मशीनवर नाही. पण त्यातून हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी पातळ पदार्थाची बाटली नको हा नियम आला आणि जगभर शाम्पू जप्त व्हायला लागले.

आणि त्याच २००६ च्या जुलैत, म्हणजे महिनाभर आधी, मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. लोकलला आज काय तपासणी आहे? गर्दी एवढी की करताच येत नाही, मान्य. पण मग विमानाच्या बाबतीत आपण जे करतो ते धोका जास्त आहे म्हणून करतो की तिथं रांग लावता येते म्हणून करतो, हा प्रश्न कुणीतरी विचारला पाहिजे ना.

बुटवाला आणि २००९ च्या नाताळात अंतर्वस्त्रात स्फोटकं नेणारा, दोघंही तपासणीतून पार झाले होते. दोघांना दाबून धरलं ते विमानातल्या प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी. २००१ नंतर कॉकपिटचे दरवाजे मजबूत केले, आतून बंद राहतात, आणि आता कुणी विमान पळवायला उठला तर प्रवासी गप्प बसत नाहीत. माझ्या मते खरा फरक या दोन गोष्टींनी जास्त पडला, आणि दरवाजाचा खर्च एकदाच होतो, दर प्रवाशामागे नाही.

अमेरिकेने निदान स्वतःची परीक्षा घेतली. २०१५ ला तिथल्या सरकारचीच माणसं खोटी हत्यारं, खोटे बॉम्ब लपवून तपासणीतून गेली, ७० पैकी ६७ वेळा सुटली. सत्तर पैकी सदुसष्ट! बातमी फुटली, तपासणी खात्याच्या हंगामी प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली. त्याच खात्याने चेहरा आणि हावभाव बघून संशयित ओळखायची एक योजना चालवली, ९० कोटी डॉलर घातले, २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी ऑडिटवाल्यांनी लिहिलं की हे चालतं याला पुरावा नाही. पैसा गेला तो गेलाच, पण लोकांना कळलं तरी.

आपल्याकडे? इथं आजही बऱ्याच ठिकाणी ती धातू शोधणारी चौकट आणि हातातलं पीं पीं करणारं दांडकं. त्याला बेल्टचं बक्कल कळतं, बायकांच्या पाटल्या कळतात, पण प्लास्टिकची स्फोटकं त्याला कळत नाहीत, हे खात्यालाही माहीत आहे, म्हणून तर बीसीएएसने, म्हणजे विमान सुरक्षेच्या सरकारी खात्याने, २०१९ ला ८४ विमानतळांना सांगितलं होतं की मार्च २०२० पर्यंत बॉडी स्कॅनर बसवा. ती तारीख कधीच उलटून गेली. आणि बायकांची तपासणी पडद्याआड करायची असते, ते योग्यच आहे, पण रांगा बघाल तर पुरुषांच्या चार आणि बायकांची एक, मग नवरा पलीकडे बेल्ट लावून उभा आणि बायको अजून ट्रे शोधतेय.

जवानांवर माझा राग नाही, तो कुणाचाच नसावा. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या शिव्या खात उभं राहणं सोपं नाही. एक्सरेच्या पडद्यासमोर सलग वीस मिनिटांच्या वर कुणाला बसवायचं नाही असा नियम आहे, कारण तेवढ्यात नजर मरते. अजून एक गंमत म्हणजे त्या मशीनमध्येच सोय असते, खऱ्या बॅगेच्या चित्रात मधूनच खोट्या पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं चित्र घुसवते, बघणाऱ्याने बटण दाबलं तर ठीक, नाही दाबलं तर चुकल्याची नोंद होते. म्हणजे कोण किती वेळा चुकतो याची नोंद त्या मशीनमध्ये आपोआप होतेच. मग अख्ख्या देशाचा मिळून वर्षाला एक आकडा संसदेत ठेवायला काय अडचण आहे? विमानतळाचं नाव नको, जवानाचं नाव नको, कुठली वस्तू सुटली तेही नको. एवढ्याने अतिरेक्याला काय मदत होणार, मला तरी समजत नाही.

राष्ट्रपती, राज्यपाल, मुख्यमंत्री यांना तर तपासणीतून सूटच आहे, त्यामुळे संसदेत हा विषय काढायला आपल्या खासदारांनाच सांगावं लागेल. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार, चारही खासदारांनी हे पत्र वाचावं. आणि तोवर एक छोटं काम करा, काय चालतं काय नाही याची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, मोठी बॅग जमा करायच्या काउंटरच्या आधी लावा. म्हणजे म्हातारी माणसं मसाल्याचा डबा तिथंच खालच्या बॅगेत टाकतील.

आपला,
एक वाचक, अमळनेर