आंबा नदीचा जलमार्ग सर्वांसाठी खुला व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशातील राष्ट्रीय जलमार्गांवरून होणारी मालवाहतूक २०१३-१४ मध्ये सुमारे १.८ कोटी टन होती, ती २०२४-२५ मध्ये साडेचौदा कोटी टनांच्या आसपास गेली. या बातम्यांसोबत छायाचित्र मात्र बहुधा वाराणसीच्या घाटापुढून जाणाऱ्या जहाजाचे असते. या मालाचा मोठा वाटा महाराष्ट्र आणि गुजरातच्या खाड्यांमधून, भरतीच्या पाण्यावर ये-जा करतो, हे आपल्याकडेही फारसे कोणाच्या ध्यानात नसते. आम्हा पेणकरांना त्यासाठी आकडेवारी पाहावी लागत नाही. वडखळ-अलिबाग रस्त्यावर धरमतरच्या पुलाशी वाहने तुंबली की खिडकीतून खाली आंबा नदीच्या पात्रात भरतीबरोबर आत येणारी, कठड्यापर्यंत पाण्यात बुडालेली बार्ज, म्हणजे मालवाहू नौका, दिसते. दोन-अडीच हजार टनांची ती एक बार्ज म्हणजे पंचवीस टनी ऐंशी ते शंभर ट्रक. ती संथपणे, कोणाला भोंगाही न वाजवता निघून जाते, आणि आपण पुढच्या ट्रकच्या ताडपत्रीकडे पाहत बसलेलो असतो.

आंबा नदी हा २०१६ च्या कायद्याने जाहीर झालेल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांपैकी दहावा. रेवसजवळ समुद्रापासून नागोठण्याच्या एसटी स्थानकालगतच्या पुलापर्यंत त्याची लांबी सुमारे ४५ किलोमीटर आहे. जलमार्गाचे टोक एसटी स्टँडवरून सांगावे लागते, यातच त्याचे खरे बळ आहे, असे मला वाटते, कारण हे पाणी वस्तीच्या, बाजाराच्या आणि कारखान्यांच्या दारापर्यंत येते. असे असूनही प्रत्यक्ष वाहतूक मुख्यतः धरमतर, डोलवी आणि शहाबाज या खालच्या टप्प्यात होते, आणि मालही बराचसा एकाच प्रकारचा असतो : कोळसा, लोहखनिज आणि असाच सुटा माल, जो ज्याचा कारखाना त्याच्या किंवा ठरावीक धक्क्यावर उतरतो. (वाहतूक हिरवी आणि माल काळा, असा हा व्यवहार असला, तरी तोच कोळसा रस्त्याने आला असता तर काय झाले असते, याची कल्पना वडखळ नाक्यावर तासभर उभे राहिलेल्याला सहज येईल.) पेण-नागोठण्याच्या लहान उद्योजकाला दोनशे टन सिमेंट किंवा लोखंड मुंबईहून आणायचे असेल, तर पाणी समोर असूनही त्याला ट्रकच बोलवावा लागतो.

इंधनाचा हिशेब सरकारी कागदपत्रांत वारंवार येतो : एका लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने २४ किलोमीटर, रेल्वेने ८५ आणि पाण्याने १०५ किलोमीटर जातो. हे आकडे नीट वाचायला हवेत. रस्त्याच्या तुलनेत पाण्याचा फायदा चौपटीहून अधिक आहे, पण रेल्वेच्या तुलनेत तो थोडाच आहे. शिवाय माल बार्जमधून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून गोदामात असा दोनदा हाताळावा लागला, तर कमी अंतरावर हा फायदा हमालीतच संपतो. म्हणून जलवाहतूक सगळ्या मालासाठी नाही. ज्या मालाचे निदान एक टोक पाण्याला लागून आहे आणि ज्याला दोन दिवस इकडेतिकडे झाल्याने फरक पडत नाही, त्या जड मालासाठी ती आहे. असा माल आमच्या भागात कमी नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले, आणि ते वर्षानुवर्षे कसे रखडले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्या रस्त्यावरून जड वाहनांचा काही हिस्सा जरी उतरला, तरी तो कमी नव्हे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जलवाहक योजना आणली. तिच्यात मालवाहतुकीच्या खर्चाची ३५ टक्क्यांपर्यंत परतफेड मिळते. मात्र ती गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या तीन जलमार्गांसाठी आणि ३०० किलोमीटरहून अधिक अंतरासाठी आहे. कोकणातली कोणतीही खाडी या मापात बसणार नाही. आमच्याकडे अंतर लहान आणि पाणी हमखास. युरोपात ऱ्हाईन नदीचे पाणी २०१८ आणि २०२२ मध्ये इतके उतरले की बार्ज अर्धवट भरून हाकाव्या लागल्या. ऱ्हाईनला पाऊस लागतो, आमच्या खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. अर्थात तीही रोज सारखी नसते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जी नौका सहज आत येते, ती भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत गाळावर बसू शकते, आणि पावसाळ्यात बाहेरचा समुद्र खवळला की वेळापत्रक कोलमडते. नौका चालवणाऱ्या कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला हे माहीत आहे. योजना आखणाऱ्यांनी अंतराच्या आधी खोली विचारावी, एवढेच म्हणणे आहे.

जलवाहतुकीच्या समर्थनात एक गोष्ट नेहमी राहून जाते, ती म्हणजे काठावरची माणसे. आंबेच्या दोन्ही बाजूंचा खारेपाट, म्हणजे खाडीकाठची भातजमीन, बाहेरकाठ्यांच्या, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधांच्या, आधाराने उभी आहे. मातीचे हे बांध काही खारभूमी विभागाकडे, तर काही खासगी आहेत. मोठी नौका वेगाने गेली की तिच्या लाटा बांधाच्या पायथ्याची माती थोडी थोडी ओढून नेतात. मग एखाद्या उधाणाला बांधात खांड (भगदाड) पडली की खारे पाणी शेतात शिरते, आणि दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघाल्याशिवाय भात धड होत नाही. खाडीत जाळी लावणाऱ्या कोळ्यांचेही तसेच : बार्जची वेळ आणि जाळ्याची वेळ भरतीच ठरवते, त्यामुळे दोघे एकाच वेळी एकाच पाण्यात असतात. ट्रकमुळे होणारे नुकसान आपण धूर आणि अपघात यांत मोजतो. बार्जमुळे होणारे नुकसान कोणी मोजत नाही, म्हणून ते नाहीच असे समजले जाते. कांदळवन तोडून धक्के बांधणे किंवा उपसलेला गाळ त्याच कांदळवनात टाकणे, याला पर्यावरणपूरक वाहतूक म्हणता येणार नाही.

तेव्हा धरमतर ते नागोठणे या टप्प्यात निदान एक सार्वजनिक धक्का असावा, जिथे कोणालाही ठरलेल्या दराने शंभर-दोनशे टन माल उतरवता येईल आणि अनेकांचा माल एकाच बार्जमध्ये एकत्र आणता येईल. बांधांना लागून असलेल्या वळणांवर नौकांना वेगमर्यादा असावी, आणि जलमार्गावरील प्रत्येक टनामागे घेतलेल्या शुल्काचा ठरावीक भाग बाहेरकाठ्यांच्या दुरुस्तीला मिळावा, मग बांध खारभूमी विभागाचा असो वा खासगी. बार्जच्या वेळा आदल्या दिवशी मच्छीमार सोसायट्यांना कळवायला तर काहीच खर्च येत नाही. आणि नागोठण्यापर्यंत भांगाच्या ओहोटीला किती पाणी उरते, हे दर महिन्याला मोजून मराठीत, धक्क्यावरच्या फळ्यावर लिहिले जावे. ट्रक सोडून बार्ज पाहणारा व्यापारी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.

आपला,
एक वाचक, पेण (जि. रायगड)