ऑपरेशनच्या सकाळचं इंजेक्शन

फोंडा, गोवा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, ते किरणोत्सर्गी औषध नको टोचून घेऊ, साधं ऑपरेशन होऊ दे." तुझी काळजी कळली. पण आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईला हे असं सोडवत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी गाठ न्यूरोएंडोक्राइन आहे, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची. लहान आतड्यात अशा गाठी बऱ्याचदा एकाहून जास्त असतात, काही तर अगदी चार-पाच मिलिमीटरच्या. सर्जन सगळं आतडं बोटांनी चाचपत जातात. तांदूळ निवडताना खडा डोळ्यांआधी बोटांना लागतो ना, तसं. पण आतड्यालगतच्या चरबीत दडलेली, रोग पोचलेली बारीक लसीका ग्रंथी बोटांनाही चुकवते. मागे राहिलेलं पुढे यकृतापर्यंत जाऊ शकतं. मला भीती वाटते ती याची, इंजेक्शनची नाही.

या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे ते येऊन बसण्याच्या जागा, भरपूर असतात. 1973 मध्ये रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत ते मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळं केलं गेलं, आणि गिलेमिन 1977 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. मूळ संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच मोडतं. म्हणून तसाच, पण टिकणारा रेणू तयार केला. त्याला किरणोत्सर्गी गॅलियम-68 जोडलं की तो जाऊन गाठीवर बसतो. माझ्या पेट स्कॅनला हेच वापरलं होतं, तेव्हा तू काही म्हणाला नव्हतास. ऑपरेशनच्या वेळी तेच पुन्हा देणार, आणि सर्जनच्या हातात छोटा गॅमा प्रोब असणार. किरण वाढले की त्याचा आवाज वाढतो. मला सर्वांत आवडलं ते यापुढचं: गाठ काढल्यावर त्याच जागी प्रोब पुन्हा धरायचा. आवाज उतरला तर ठीक, नाहीतर आणखी शोधायचं. पोट शिवण्याआधीच हे कळतं, ओंकार!

प्रोबलाही मर्यादा आहेत. मूत्रपिंडं आणि प्लीहाही हे औषध बरंच घेतात, त्यांच्याजवळ तो गोंधळतो. गाठ फार लहान असली तर आवाज येत नाही. त्यामुळे बोटं हवीतच, आणि शेवटचा शब्द पॅथॉलॉजीच्या रिपोर्टचा.

आता तुझी शंका. गॅलियम-68 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 68 मिनिटं. अशी दहा अर्धायुष्यं गेली की 1024 भागांतला एक उरतो. म्हणजे सकाळी टोचलेलं रात्रीपर्यंत जवळजवळ संपलं. 'रुग्णापासून काही दिवस लांब राहा' असं तू वाचलंस ते ल्युटेशियम-177 च्या उपचाराबद्दल असणार. त्याचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून जास्त आहे, आणि ते गाठ शोधायला नाही, मारायला देतात, कितीतरी मोठ्या मात्रेत. वाहक रेणू तोच असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

मेघनाला सातवा महिना आहे. तिनं मात्र त्या दिवशी हॉस्पिटलात येऊ नये. न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी आण.

रविवारी मडगावहून कोकणकन्येनं आम्ही दोघं मुंबईला निघतो. चवथीपर्यंत परत येता आलं नाही तर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी काका बांधतील, त्यांना सांगून ठेवलंय.

सोमवारी सर्जनना भेटायला तूही ये. संमतीपत्रावर सही मीच करणार आहे. तू त्यांना एवढं विचार: आवाज उतरला नाही तर किती आतडं काढावं लागेल? फार काढलं तर पुढचं खाणंपिणं बदलतं, आणि कुठवर जायचं ते मला टेबलावर जाण्याआधी त्यांच्याशी बोलून ठरवायचं आहे.

तुझी,
आई