मसल कारची किंमत बिल्ल्यावरून ठरवू नये

संपादक महोदय,

जुनी अमेरिकन मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी) घेताना अनेकजण रंग आणि बिल्ले पाहूनच भाव मान्य करतात, ही खेदाची गोष्ट आहे. बिल्ला कोणीही लावू शकतो. आधी गाडीचा कारखान्यात ठोकलेला ओळख क्रमांक (नोंदणीचा नव्हे) वाचावा. 1966 ते 68 च्या शेव्हेल एसएस 396चा (शेव्हरोले कंपनीच्या शेव्हेल गाडीची ताकदवान आवृत्ती) क्रमांक 138ने सुरू होतो. 1969पासून एसएस ही वेगळी आवृत्ती न राहता गाडीवर जादा घ्यायचा निव्वळ पर्याय झाला, त्यामुळे 1970ची एसएस आणि शेव्हेलचीच साधी मालिबू व्ही-8 (आठ सिलिंडरच्या इंजिनाची) क्रमांकावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. नकली गाड्या विकणाऱ्यांचे इथेच फावते. अशा गाडीला कारखान्याची बिल्डशीट (गाडीत काय काय बसवले त्याची यादी) किंवा मूळ विक्रीची कागदपत्रे नसतील, तर एसएसचा भाव देऊच नये.

त्यानंतर इंजिन. शेव्हरोले व्ही-8च्या ब्लॉकवर (इंजिनच्या मुख्य ओतीव भागावर), उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिनचा कोड आणि, 1968पासूनच्या गाड्यांत बहुधा, गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक समांतर रेषाही तिथे दिसायला हव्यात. पट्टी घासून नवे अंक ठोकले की त्या रेषा जातात. (प्रामाणिक दुरुस्तीत ब्लॉकचा पृष्ठभाग तासला, तरीही त्या जातात; म्हणून दुरुस्तीची बिले मागावीत.) ब्लॉकच्या ओतकामाची तारीख गाडी तयार झाल्यानंतरची निघाली, तर इंजिन मूळचे नाहीच.

मागच्या चाकांवरच्या पत्र्याला मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लावून पाहावे. ते जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

आपला,
जुन्या मोटारींचा एक अभ्यासक