सहाव्या माळेच्या रात्रीचं दळण

आप्पा, शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळी होऊन गेली, रानात ज्वारीचा पेरा उशिरा का होईना झाला, तरी तुमच्यासमोर उभं राहून दोन शब्द बोलणं माझ्याच्यानं झालं नाही. दोनदा तुमच्या गिरणीपर्यंत आले. पत्र्याखाली खोलून ठेवलेलं इंजिन दिसलं की घसा दाटायचा आणि मी तशीच मागं फिरायची. म्हणून लिहून काढते आहे. गावातल्या सगळ्यांनी वाचलं तरी चालेल. वाचावंच.

शनिवार, 27 सप्टेंबर 2025. नवरात्राची सहावी माळ. आधीच महिनाभर पावसानं पाठ सोडली नव्हती. सोयाबीन उभ्या पाण्यात काळं पडलं होतं, कापसाची बोंडं झाडालाच सडली होती. त्यात दुपारपासून ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तेच: मराठवाड्याला रेड अलर्ट, बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आपल्याकडं सरकतंय, आजची रात्र आणि उद्याचा दिवस जपा. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं धरण, तर आधीच काठोकाठ. वरून पाऊस आला की पैठणहून पाणी सोडावंच लागणार, आणि ते गेवराई तालुक्यातल्या आपल्या गोदाकाठाला यायला किती तास लागतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्यांनी 2006 च्या ऑगस्टमधला पूर पाहिलाय ती म्हातारी माणसं दुपारीच गप्प झाली होती. माझा आठवीतला लेक वहीवर गणित मांडून बसला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लीटर, मग दोन लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला 56 लाख लीटर. उत्तर आल्यावर त्यानं वही मिटली आणि विचारलं, "आई, धपाटे करशील का?"

लेकरांना भीती वाटली की ती खायला मागतात, आप्पा. आमच्याकडं पाऊस लागला की धपाटेच लागतात. आणि शहाणपणही त्यातच आहे. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन, मूठभर गव्हाचं पीठ, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, हळद. कांदा घालायचा नाही आणि पाणी बेतानं घ्यायचं, म्हणजे दोन-तीन दिवस खराब होत नाहीत. ओल्या फडक्यावर थापायचे, मधोमध बोटानं भोकं पाडायची, प्रत्येक भोकात तेलाचा थेंब. चूल नसली, ताट नसलं, पाण्यातून चालत जायचं असलं, तरी हातात धरून खाता येतात. सोबत शेंगदाण्याची चटणी असली की माणूस दिवस काढू शकतं. येसराचा, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याचा, डबा लग्नाच्या वेळचा घरात होताच. गरम पाण्यात कालवला, वरून फोडणी दिली की आमटी तयार.

पण पीठ कुठं होतं? घरात दोन पोती ज्वारी आणि डब्याच्या तळाशी दोन भाकरींचं पीठ. शहरातल्या माणसांना हे कळणार नाही. ते म्हणतील, आधीच दळून ठेवायचं. ज्वारीचं पीठ साठवता येत नाही. आठ-दहा दिवस झाले की भाकरी थापताना कडा तुटायला लागतात. आपण धान्य साठवतो, पीठ नाही. म्हणूनच वादळ यायचं म्हटलं की पहिली धाव गिरणीकडं असते, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेलेली असते. त्या दिवशी साडेतीनला गेली.

मी आधी तुमच्याकडं आले नव्हते, हे कबूल करते. आधी त्या दुकानात गेले. नाव घेत नाही, आमचं अकरा वर्षांचं खातं आहे तिथं. मीठ, तेल, काडेपेट्या, मेणबत्त्या एवढंच हवं होतं. मेणबत्तीच्या पुड्याचे दुप्पट पैसे सांगितले. मी म्हटलं, आज रोख नाहीत, खात्यावर मांडा. तर म्हणाले, "आज खातं बंद. उद्या तुम्ही असाल-नसाल." हसत म्हणाले, आप्पा. माझी पाच वर्षांची पोर बोट धरून उभी होती. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि ज्यांचं कामच आम्हाला सावध करायचं, त्यांचं काय सांगू! पंधरवड्यापूर्वीच्या पावसात खालच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा कुणाचा निरोप आला नाही. मी सकाळी फोन लावत होते तो दुपारी उचलला गेला, आणि "लेखी अर्ज द्या" म्हणून ठेवला गेला. दोन दिवसांनी माणसं आली, भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढले आणि गेली. म्हणून या वेळी मी कुणाला फोन लावलाच नाही. डोक्यावर ज्वारीचा डबा, काखेत भगरीची पिशवी, आणि निघाले.

लांबूनच आवाज आला. पुक, पुक, पुक. लहानपणी ऐकलेला. तुम्ही ते जुनं डिझेल इंजिन हँडल मारून चालू केलं होतं. लाइटची मोटार बसवल्यापासून ते कोपऱ्यात पडून होतं, लोक म्हणायचे भंगारात घाला. त्या पावसात, त्या अंधारात तो आवाज ऐकून माझ्या अंगात किती बळ आलं म्हणून सांगू! रांगेत चाळीसएक डबे असतील. कुणी गोणपाट पांघरलेलं, कुणी खताची पिशवी डोक्यावर घेतलेली. तुमचा नातू बॅटरी धरून उभा, आणि तुम्ही भुवयांपर्यंत पांढरे झालेले. भाव रोजचाच घेत होता. ज्याच्याकडं नव्हते त्याचा डबा नुसता पुढं सरकवत होता.

माझा नंबर आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. ज्वारी झाली. भगरीची पिशवी पुढं करताना मला लाज वाटत होती.

आमच्या आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. नवरात्र नवाचं असो की दहाचं, अन्नाला शिवत नाहीत. औंदा तृतीया दोन आल्या, म्हणजे एक दिवस वाढीव. दोन वेळा भगरीचे धपाटे आणि दूध, बस. आणि बाजारातलं सुटं भगरीचं पीठ मी त्यांना देत नाही. आपल्याकडं दर नवरात्रात ते पीठ खाऊन माणसं दवाखान्यात भरती होतात. दमट हवेत त्याला लवकर बुरशी धरते. अन्न व औषध प्रशासनही सांगतं, भगर निवडून घरीच लागेल तेवढी दळा. एरवी तुम्ही उपासाचं दळण पहाटे घेता, धुतलेल्या चाकांवर, इतर धान्याच्या आधी. रात्री नऊला, चाळीस डबे ज्वारी-बाजरी गेलेल्या चाकांवर ते दळून मागायला मी आले होते. गिरणीत एकाच्या दळणात आधीच्याचं मूठभर पीठ येतंच. त्याला इलाज नसतो. मी मनाशी ठरवूनच आले होते, आत्याबाईंना सांगायचं नाही. देवीला माफी मागू.

तुम्ही पिशवीत हात घातलात, भगर हातावर घेऊन पाहिलीत आणि विचारलंत, "म्हातारीची का?" मी मान हलवली. आणि तुम्ही इंजिन बंद केलंत.

सगळी रांग गप्प झाली. एवढ्या कष्टानं चालू झालेलं इंजिन! परत हँडल मारायला दोन गडी लागतात. तुम्ही पट्टा उतरवला, चाकं उघडली, कुंच्यानं कोपरा न कोपरा झाडलात. पिठाची कापडी नळी सोडून बाजूला टाकलीत आणि घरातून धुतलेल्या धोतराचा तुकडा आणवून तो बांधलात. नातवाला पिटाळून काकूंकडून वाटीभर भगर मागवली, इंजिन पुन्हा चालू केलंत आणि आधी ती तुमची भगर आत सोडलीत. ते पीठ बाजूला काढून ठेवलंत. मग आमची. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. बाहेर आभाळ फाटलं होतं, प्रत्येकाला घर गाठायचं होतं, आणि रांगेतलं एकही माणूस "आटपा" म्हणालं नाही. उलट एका पोरानं पुढं होऊन हँडलला हात लावला.

मी म्हटलं, "आप्पा, कशाला एवढं? असू द्या, आजची गोष्ट वेगळी." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सहा दिवस केलेत तिनं. माझ्या गिरणीत नको मोडायला."

तेवढंच. पुढचा डबा घेतलात.

त्या रात्री मी घरी जाऊन रडत रडत धपाटे थापले. पंचावन्न झाले, लेकीनं मोजले. तव्यावर लसणाचा वास सुटला आणि पोरं भिंतीला टेकून खाता खाता झोपली. आत्याबाईंचे बारा वेगळे, वेगळ्या फडक्यात. भाकरीपुरतं पीठ दोन पिशव्यांत घालून सुतळीनं घट्ट बांधलं. बाहेर पत्रे वाजत होते, पण माझी भीती कमी झाली होती. हाताला काम होतं आणि घरात पीठ होतं.

रविवारी जायकवाडीचे 27 च्या 27 दरवाजे उघडले. संध्याकाळपर्यंत खालची गल्ली पाण्यात, आमच्या उंबऱ्याला पाणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो सगळे. ते तीन दिवस कसे गेले ते लांबण लावून सांगत नाही, तुम्हीही तिथंच होता. पण पहिल्या रात्री एकाच चुलीवर येसराची आमटी उकळत होती आणि पाच घरांच्या बाया भाकरी थापत होत्या, ते सांगितलंच पाहिजे. पाचही घरांचं पीठ तुमच्या हातचं. खाली गावात पाणी गरगरत होतं आणि वर शाळेत भाकरी फुगत होती. माझ्या लेकानं तीन भाकरी चुरून खाल्ल्या. आमच्या मालकांना संभाजीनगरहून गावात यायला वाट नव्हती. फोनवर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "जेवलात का?" मी म्हटलं, गरम जेवलो. पलीकडं बराच वेळ काही आवाज आला नाही.

आत्याबाई कोपऱ्यात घट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सोबत एवढंच आणलं होतं त्यांनी घरातून. मी धपाटा पुढं केला तर खाईनात. "अंधारात दळलंय, कशात काय मिसळलं असेल," म्हणाल्या. मी तुमची सगळी हकिकत सांगितली: इंजिन बंद केलं, चाकं झाडली, धोतराचा तुकडा, वाटीभर भगर. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, धपाटा कपाळाला लावला आणि खाल्ला. दोन खाल्ले. अठ्ठ्याहत्तरीची बाई, साखरेची गोळी चालू, तीन दिवस उपाशी राहिली असती तर आज मी काय लिहीत असते, त्याचा विचारही नको वाटतो.

माणसाला जेवायला घालणारे पुष्कळ असतात. नंतर ट्रक भरून लोकांनी धान्य पाठवलं, परक्या जिल्ह्यातल्या अनोळखी माणसांनी पाठवलं, त्यांचं भलं होवो. पण एका म्हातारीचा नेम ही तिची एकटीची गोष्ट. ती मोडली असती तर कुठल्या पंचनाम्यात आली नसती. चाळीस डब्यांच्या घाईत तुम्ही ती जपलीत. असं माणूस गावात आहे म्हणून आपण या नदीकाठी राहू शकतो, असं मला खरोखर वाटतं.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती काळजाला लागून राहिली. त्या रात्री तुम्ही दोनपर्यंत दळत होता. सकाळी मोटार सोडवून उंचावर न्यायची होती ती राहिली, काकूंची गव्हाची पोती खालीच राहिली, आणि इंजिन तर पुरतं गाळात गेलं. आमचं पीठ कोरडं राहिलं आणि तुमची गिरणी बुडाली. हे तुम्ही कुणाला बोलून दाखवलं नाहीत. काकू बोलल्या, त्याही सहज.

दसऱ्याला आम्ही अजून शाळेतच आवराआवर करत होतो, सोनं द्यायला कुणी कुणाकडं गेलं नाही. आत्याबाईंनी घटातलं धन काढलं, देवीला वाहिलं आणि त्यातली एक जुडी तुमच्या नावानं बाजूला ठेवली. वाळली आहे, पण फडक्यात जपून ठेवली आहे. त्यांना स्वतः यायचंय तुमच्याकडं. गुडघे दुखतात म्हणून गाडीवर बसवून आणीन.

आमचे मालक म्हणत होते, शेवगावच्या बाजूला एक मिस्त्री आहे, जुनी इंजिनं खोलून साफ करतो. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन येतात. त्या रात्री रांगेत उभ्या असलेल्या घरांशी मी बोलले आहे, जे लागेल ते सगळे मिळून घालतील. आप्पा, याला नाही म्हणू नका. चाकांना छिन्नीनं टाकी लावून झाली, पट्टा चढला की नातवाला पाठवून निरोप द्या. पहिलं दळण आमचं, पायलीभर ज्वारी निवडून ठेवली आहे.

तुमची,
खालच्या गल्लीतली सूनबाई