गाथेतली रेशनची पावती

लालबाग, मुंबई

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

या महिन्यालाही पैसे पाठवू शकलो नाही. आई, फोनवर तू विचारलंस आणि मी विषय बदलला, म्हणून आज लिहायला बसलो. चार महिने पगार झालेला नाही. तुमच्या सुनेच्या शिकवण्या चालू आहेत, दोन वेळचं निभतंय.

परवा माळ्यावरून बाबांची गाथा काढली. कॅलेंडरच्या कागदाचं तेच कव्हर. आत रेशनची पावती निघाली, 1982 सालची.

त्या 18 जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. रात्री बाबा दाराशी गाथा वाचायचे, मजल्यावरचे चार-पाच जण ऐकायला यायचे. आई, तू पेजेत आणखी तांब्याभर पाणी ओतून त्यांनाही वाटी द्यायचीस. मला राग यायचा. वाचून पोट भरतं का, असं मी विचारलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "नाही भरत," आणि पुढचा अभंग घेतला.

आता पहाटे पाणी भरून झालं की मीही वाचतो. 1630च्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली', इतकं उघड सांगतात. तेच पुन्हा म्हणतात, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'. इथे मी कितीतरी दिवस अडलो. मग आठवलं, आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. स्वतःचं दिवाळं निघालेलं, तरी लोकांकडची येणी सोडून दिली! द्यायचं तर आधी आपल्याकडे साठलेलं हवं, असं मी आजवर धरून चाललो होतो.

शेजारच्या मावशींकडे माझे दोन हजार येणं होतं. त्यांच्या मुलाचंही काम सुटलंय. जिन्यात भेटल्या की मान खाली घालायच्या. काल त्यांना म्हटलं, राहू द्या ते. संध्याकाळी त्या येऊन दाराशी टेकल्या. मी मोठ्याने दोन अभंग वाचले. तुमच्या सुनेने चहात कपभर पाणी वाढवलं.

पावती परत त्याच पानात ठेवली आहे. बाबा, ती खूण तुम्हीच घातली होती का?

तुमचा,
बाळू